सहा पन्नासची किटली

रोझविथा हेन्शेलबाईंच्या स्वयंपाकघरात, पावाच्या डब्याशेजारी, एक पांढरी डबी बसवलेली होती. तिचं नाव त्यांनी 'सासू' ठेवलं होतं आणि डबी नावाला जागत होती. किटली किती वाजता तापली, फ्रिजचं दार कितीदा उघडलं, बाई न्हाणीघरात किती वेळ होत्या, रात्री कूस कितीदा बदलली, हे सगळं ती घरभर बसवलेल्या चकत्यांवरून मोजायची आणि थेट स्टुटगार्टला, बाईंच्या मुलीच्या फोनवर, कळवून मोकळी व्हायची. बाईंची खरी सासू निदान दुपारी जेवून तासभर घोरायची. हिला तीही सवय नव्हती.

डबी आली त्याला कारण होतं, हे बाईसुद्धा नाकारत नसत. गेल्या नोव्हेंबरात त्या ह्याच स्वयंपाकघरात घसरल्या, खुबा मोडला आणि अकरा तास फरशीवर पडून राहिल्या. अकरा तास. शेवटी खालच्या मजल्यावरच्या बाईने पाण्याच्या पाइपवरची ठकठक ऐकली म्हणून निभावलं. मुलगी उल्रीके स्टुटगार्टहून धावत आली, दवाखान्यात ढसाढसा रडली आणि डोळे पुसून झाल्यावर अटी घालायला लागली. एक तर ही डबी, नाहीतर स्टुटगार्टजवळचा 'शरदछाया' नावाचा वृद्धाश्रम, जिथे तिने आईचं नाव यादीत घालून ठेवलं होतं. डबीला काही विचित्र दिसलं की ती पिवळी खूण करणार. महिन्यात तीन पिवळ्या खुणा झाल्या की बाईंनी सामान बांधायचं.

बाईंनी शरदछाया पाहिला होता. बाग सुंदर होती. रात्रीचं जेवण संध्याकाळी पाचला होतं आणि सहाला सगळ्यांनी खुर्च्यांवर गोल बसून टाळ्या वाजवायचा व्यायाम होता. बाईंनी तिथल्या एका म्हातारबुवांना विचारलं, "आवडतं का हो इथं?" तर त्यांनी आधी मागे वळून नर्स कुठे आहे ते पाहिलं, मग म्हणाले, "फार छान." बाईंना उत्तर मिळालं. त्यांचं अर्धं आयुष्य पूर्व जर्मनीत गेलं होतं. असं मागे वळून पाहणं त्यांना पुरतं ठाऊक होतं.

त्या काळी, भिंत पडायच्या आधी, बाई बोर्नवित्झच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये कामाला होत्या. सव्वीस वर्षं त्यांनी लोकांच्या तारा जोडल्या आणि कुठल्या तारेवर तिसरा कान बसलाय हे त्यांना आवाजावरून कळायचं. त्या कानाच्या खात्याला लोक आपसात 'ऐक-बघ खातं' म्हणत. बाईंची सख्खी बहीण पलीकडे, पश्चिम जर्मनीत, हॅनोव्हरला. ती पार्सलाने कॉफी पाठवायची, म्हणून बाईंच्या घरच्या फोनवरही कान होता. बाई बहिणीला नाताळच्या शुभेच्छा देऊन झाल्या की शेवटी म्हणायच्या, "आणि मधे बसून ऐकताय त्यांनाही सुखाचा जावो हो नाताळ." एकदा पलीकडून हळूच "तुम्हालाही" असं ऐकू आलं होतं.

पण सासू काही "तुम्हालाही" म्हणणाऱ्यातली नव्हती. आणि तिच्यामुळे एक वाईट गोष्ट झाली होती. डबी यायच्या आधी उल्रीके दर रविवारी फोन करायची. काय जेवलीस, कुणाला भेटलीस, झोप लागते का, असं तासभर चालायचं. आता विचारायचं काही उरलंच नव्हतं. रविवारचे फोन बंद झाले आणि त्यांच्या जागी मेसेज यायला लागले. 'आई, काल फ्रिज दोनदाच उघडलास.' 'आई, रात्री तीनला उठलीस.' बाईंना त्याचं दुःख व्हायचं. त्या ते कुणाला सांगत नसत, कारण सांगायचं कुणाला? सासूला?

हे सगळं बाईंनी हिवाळाभर सोसलं. मे उजाडला तशी त्यांची घालमेल सुरू झाली.

बोर्नवित्झच्या दक्षिणेला एके काळी कोळशाची प्रचंड खाण होती. खाण बंद पडली, खड्ड्यात पाणी भरलं आणि त्याचं तळं झालं. गेली वीसेक वर्षं बाई मे ते सप्टेंबर रोज सकाळी तीन नंबरच्या बसने तिथे जायच्या, झुडपांआडच्या वाळूवर कपडे घडी करून ठेवायच्या आणि पाण्यात उतरायच्या. अंगावर काही न घालता, अर्थात. त्या बाजूला सगळे तसेच पोहतात, आणि कुणी कुणाकडे पाहत नाही. पोहण्याचा पोशाख घालून कुणी आलंच तर मात्र सगळे माना वळवून बघतात.

डॉक्टरांनी पोहायला मनाई केली होती. गार पाणी, एकटी बाई, नवा खुबा. उल्रीकेने ती मनाई छापून फ्रिजवर चिकटवली होती.

जूनच्या दोन तारखेला बाईंनी मनाईकडे पाठ केली आणि बस पकडली. दुपारी फोन वाजला.

"आई, तू तीन तास कुठे होतीस?"

"खाली. टपाल आणायला."

"तीन तास?"

"टपाल फार होतं."

"पिवळी खूण झालीये, आई. पहिली."

दुसऱ्या वेळी बाईंनी डोकं चालवलं. पाच तारखेला त्यांनी गरम पाण्याची पिशवी भरली, उशीला टॉवेलने बांधली आणि बिछान्यात गादीखालच्या चकतीवर नीट झोपवली, वर पांघरूण घातलं. बाई झोपल्यात असं सासूला वाटेल, असा हिशेब. सासूला काय वाटलं, ते बाईंना परत आल्यावर कळलं. बाई बेचाळीस डिग्री तापाने फणफणलेली आहे, दोन तास हललेली नाही आणि श्वासही घेत नाही, असं तिला वाटलं. ओले केस आणि खांद्यावर टॉवेल अशा अवस्थेत बाई चौथ्या मजल्यावर पोचल्या तेव्हा ॲम्ब्युलन्सचे दोन धिप्पाड गडी त्यांच्या पलंगाशी उभे राहून पिशवीकडे बघत होते.

"ही तुमची का?" एकाने पिशवी उचलून विचारलं.

दुसरी पिवळी खूण झाली. जून संपायला पंचवीस दिवस होते. उल्रीकेने फोनवर आवाज चढवला नाही, उलट फार शांतपणे ती म्हणाली, "शरदछायात जुलैला एक खोली रिकामी होतेय. बाल्कनीची. अजून एक खूण झाली तर मी पैसे भरते." मुलीचा तो शांत आवाज त्यांना माहीत होता. तो त्यांचाच होता.

त्या संध्याकाळी बाई खूप वेळ खुर्चीत बसून राहिल्या. एकटीने हे जमणार नाही हे उघड होतं. आपण बाहेर असताना घरात आपल्यासारखं वागणारं कुणीतरी हवं. पाणी ठेवणारं, फ्रिज उघडणारं, आपल्या वेळा, आपल्या सवयी बारीकसारीक माहीत असलेलं. असं जगात कोण आहे? नवरा वारून सतरा वर्षं झाली होती. उल्रीकेला तर आईचा चहा की कॉफी हेही धड सांगता आलं नसतं.

मग बाईंच्या डोक्यात जे नाव आलं, त्याने त्यांना स्वतःचीच चीड आली. त्या उठल्या, शेजारच्या दाराशी गेल्या आणि दार ठोठावलं.

शेजारी एगोन टिट्झे राहत. वय त्र्याऐंशी, विधुर. जुन्या काळी इमारतीची नोंदवही त्यांच्याकडे असायची. कोण पाहुणा आला, किती रात्री राहिला, सगळं त्यात लिहायचं असे. पण टिट्झेंकडे आणखी एक वही होती, आणि तिच्याबद्दल बाईंना त्र्याण्णव साली कळलं. राजवट गेल्यावर ऐक-बघ खात्याने आपल्याबद्दल काय लिहून ठेवलंय ते ज्याचं त्याला वाचायला मिळू लागलं. बाईंनीही अर्ज केला. दोनशे चौदा पानं निघाली. आठ वर्षं, रोज, 'कप्तान' असं गुप्त नाव घेतलेल्या कुणीतरी स्वयंपाकघराच्या भिंतीला कान लावून लिहिलेली. त्यातली एक नोंद बाईंना पाठ होती: '१९.४०. हेन्शेल हसली. कारण समजले नाही.' बाईंच्या स्वयंपाकघराची भिंत एकाच माणसाच्या स्वयंपाकघराला लागून होती. त्या दिवसापासून बत्तीस वर्षं बाई टिट्झेंशी एक अक्षर बोलल्या नव्हत्या. लिफ्टमध्ये दोघं आले तर त्या लिफ्टच्या भिंतीला सुप्रभात म्हणत.

टिट्झेंनी साखळी न काढताच दार किलकिलं केलं आणि बाईंना पाहून पांढरेफटक पडले.

"टिट्झे," बाई म्हणाल्या, "मी सकाळी पाणी किती वाजता ठेवते?"

"सहा पन्नास," त्यांच्या तोंडून आपसूक निघालं. "रविवारी साडेसात." मग ते भानावर आले. "म्हणजे तेव्हा. तेव्हा ठेवायचात."

"नंतर?"

"सात दहाला न्हाणीघर. सात वीसला रेडिओ, बारीक आवाजात. सात पस्तीसला फ्रिज, लोणी..." त्यांनी साखळीआडून मान खाली घातली. "फ्राउ हेन्शेल, मला माफी मागायची होती. त्र्याण्णव सालीच. पत्र लिहिलं होतं, सहा पानी."

"मग दिलं का नाहीत?"

"वाचून पाहिलं. म्हटलं, हिच्याबद्दल पुन्हा सहा पानं लिहिली की मी."

बाईंना हसू आलं, पण त्यांनी ते दाताखाली धरलं. ह्या माणसासमोर हसून पुन्हा नोंद करून घ्यायची नव्हती. त्यांनी दोन वाक्यांत काम सांगितलं. टिट्झेंनी ऐकलं आणि ते घाबरले.

"म्हणजे तुमच्याबद्दल खोटं सांगायचं? अहो, मी कधी खोटं लिहिलं नाही. एक ओळ नाही!"

"तेच तर वाईट केलंत. एखादा खोटं तरी लिहितो, समोरच्याला वाचवायला."

टिट्झेंनी एकदा दाराच्या साखळीकडे पाहिलं. मग त्यांनी ती काढली. "किती वाजता यायचं?"

दुसऱ्या दिवशी सकाळी सहा चाळीसला ते दारात हजर होते. हातात वही, कानावर पेन्सिल. दाराची चकती बाईंनी आधीच अभ्यासली होती. दार उघडलं की तिला कळायचं, पण कोण गेलं आणि कोण आलं ते कळायचं नाही. तेव्हा एकाच उघडण्यात बाई बाहेर आणि टिट्झे आत. सासूच्या लेखी बाईंनी दाराबाहेरचं वर्तमानपत्र उचललं. नऊला पुन्हा एकदा दार, बाई आत, टिट्झे बाहेर. सासूच्या लेखी बाईंनी कचरा ठेवला.

टिट्झेंनी कामात जीव ओतला. त्यांनी बाईंच्या सपाता मागून घेतल्या, कारण पावलांचा आवाज वेगळा येईल. त्यांनी बाईंचा फुलाफुलांचा, बिनबाह्यांचा नायलॉनचा एप्रनही मागितला. "त्याने काय होणार आहे?" बाईंनी विचारलं. "काम अंगात भिनतं," टिट्झे गंभीरपणे म्हणाले. साडेसातला सासू गोड आवाजात विचारायची, "सुप्रभात रोझविथा, आज कसं वाटतंय?" तेव्हा ते आवाज बारीक करून "छान!" म्हणायचे. सासूला आवाजातला फरक कळत नसावा, किंवा म्हातारी माणसं तिला सगळी सारखीच वाटत असावीत. न्हाणीघराबद्दल मात्र त्यांनी लाल होऊन खुलासा केला, "मी फक्त साखळी ओढतो, फ्राउ हेन्शेल. वापर करत नाही. शपथेवर सांगतो." रोज नऊला ते बाईंच्या हातात एक कागद ठेवायचे. '६.५० पाणी ठेवले. ७.३० डबीने विचारपूस केली, समाधानकारक उत्तर दिले.' बाई तो कागद वाचून मनमुराद हसायच्या, आता दार लावून.

आणि त्या पोहायच्या. जमिनीवर बाईंना काठी लागायची, जिना म्हणजे डोंगर वाटायचा, बसमध्ये पोरंसोरं उठून जागा द्यायची आणि त्याचाही राग यायचा. पाण्यात खुब्याला वजनच उरायचं नाही. त्या पाठीवर पडून राहायच्या, कान पाण्याखाली, आणि आसपासच्या दोन मैलांत कुणालाही आपण कुठे आहोत हे माहीत नाही ह्या विचाराने त्यांना इतकं बरं वाटायचं की कधीकधी त्या मोठ्याने गायच्या. गळा वाईट होता. बदकं लांब जायची.

असे एकोणीस दिवस गेले. पिवळी खूण नाही, मेसेज नाही, काही नाही. बाईंना वाटलं, जमलं.

पंचवीस तारखेला नऊला पाच कमी असताना त्या लिफ्टमधून बाहेर पडल्या आणि आपल्याच दारामागून त्यांना मुलीचा आवाज ऐकू आला.

बाईंच्या तोंडचं पाणी पळालं. उल्रीके इथे? बोर्नवित्झमध्ये? बुधवारी? त्यांनी किल्ली बाहेर काढली आणि पुन्हा खिशात टाकली. आत जायचा धीर होईना आणि पळून जायला पाय नव्हते. भिंत पडायच्या आधीच्या काळातल्या ह्या इमारतींच्या दारांची फळी पुठ्ठ्याएवढी पातळ. बाईंनी इकडेतिकडे पाहिलं आणि सरळ दाराला कान लावला.

"मी शेवटचं विचारतेय," उल्रीके आत म्हणत होती. "माझी आई कुठे आहे?"

"मला माहीत नाही," टिट्झेंचा आवाज आला.

"तुम्ही तिच्या खुर्चीत बसलाय! तिचा एप्रन घालून! मी दार उघडलं तेव्हा तुम्ही त्या डबीला बायकी आवाजात सांगत होतात की रात्री झोप छान लागली!"

"लागली होती."

"तुमची!"

"हो. माझी."

कागद फडफडल्याचा आवाज आला. "कंपनीने काय कळवलंय मला, वाचू? 'तुमच्या आई सलग एकोणीस दिवस सहा वाजून पन्नास मिनिटं शून्य सेकंदांनी, आणि रविवारी सात वाजून तीस मिनिटं शून्य सेकंदांनी, किटली लावत आहेत. कोणताही माणूस असं करत नाही. उपकरण बिघडलं असावं.' हे एक. दुसरं, 'संभाषणात शेजारी टिट्झे यांचा उल्लेख सव्वीस वेळा. सज्जन, निगर्वी, अजूनही देखणे, असे शब्द.' मला वाटलं आईला वेड लागलं! नाहीतर ती प्रेमात पडलीये! रात्रीची गाडी पकडून आलेय मी!"

दाराबाहेर बाईंनी तोंडावर टॉवेल दाबला. बाराशे घरांच्या वस्तीत सेकंदाला टेकून किटली लावणारा हा एकच प्राणी, आणि तोच आपण निवडला. आणि देखणे? देखणे!

"तिचं काही बरंवाईट तर नाही ना झालं?" उल्रीकेचा आवाज बदलला. "कुठे गेलीये ती? दवाखान्यात? कुणाबरोबर? किती वाजता? तुम्हाला माहीत असणारच. तुम्हाला नेहमीच सगळं माहीत असायचं."

आत खुर्ची करकरली.

"बोला ना! आता का दातखीळ बसली? आठ वर्षं तुम्हाला केवढी हौस होती सांगायची. आईने काय खाल्लं, कोण आलं, कधी हसली. मी सहा वर्षांची होते तेव्हा मला गोवर आला, तोसुद्धा लिहिलात. वाचलंय मी. आणि आज एवढी एक गोष्ट विचारतेय तर माहीत नाही?"

आता हा सांगणार. नुसतं 'तळं' म्हणाला की संपलं, बाल्कनीची खोली, पाचचं जेवण, टाळ्या. सांगेल नाही तर काय. जन्मभर जे केलं तेच करेल.

"मला माहीत नाही," टिट्झे म्हणाले. "मी काही पाहिलं नाही. ऐकलं नाही. पोलिसांना बोलवायचं तर बोलवा. मी त्यांनाही हेच सांगेन."

बाईंच्या डोळ्यांत एकदम पाणी आलं. ह्या माणसासाठी आपल्या डोळ्यांत पाणी येतंय ह्याची त्यांना लाज वाटली, पण ते थांबेना.

आत उल्रीके रडायला लागली होती. लहानपणी रडायची तशीच, हुंदके गिळत. "अकरा तास ती फरशीवर होती हो. इथेच, ह्या टेबलाशी. आणि मी त्या दिवशी ऑफिसच्या पार्टीत होते, फोन पर्समध्ये ठेवून. एवढंच सांगा, ती जिवंत आहे ना?"

मग टिट्झे हळूच म्हणाले, "जिवंत आहे. अगदी ठणठणीत आहे. बाकीचं तिचं आहे, तिने सांगायचं."

बाईंनी किल्ली फिरवली.

दोघांनी एकदम दाराकडे पाहिलं. टिट्झे एप्रनमध्ये ताठ उभे राहिले. ओले केस, टॉवेल, वाळूने भरलेल्या चपला, सगळं उल्रीकेच्या नजरेने एका क्षणात टिपलं.

"पोहायला," ती म्हणाली.

"पोहायला," बाई म्हणाल्या. "रोज. एकोणीस दिवस. तू फ्रिजवर लावलेला कागद मी रोज वाचून जाते."

"आई, पण डॉक्टर..."

"डॉक्टर तीस वर्षांचा आहे. त्याला खुबा म्हणजे काय ते पुस्तकातून कळलंय."

तेवढ्यात पावाच्या डब्याशेजारून गोड आवाज आला, "रोझविथा, घरात तीन व्यक्ती असाव्यात असं वाटतं. सगळं ठीक आहे ना?"

"गप्प बस गं!" आई आणि मुलगी एकदम ओरडल्या. उल्रीके दोन पावलांत तिथे पोचली आणि तिने सासूची वायर भिंतीतून उपटली. हिरवा दिवा विझला. खोलीत एवढी शांतता झाली की शेजारच्या, टिट्झेंच्या घरातलं घड्याळ भिंतीतून ऐकू आलं. बाईंच्या मनात आलं, म्हणजे इतकं स्पष्ट ऐकू येतं तर.

"मी तुला फसवलं," बाई म्हणाल्या आणि खुर्चीत बसल्या. "त्याचं वाईट वाटतं. पण उल्रीके, तू मला काही विचारतच नाहीस आता. नुसती बघतेस. मला पुन्हा कुणाच्या नजरेखाली नाही राहायचं. तुझ्याही नाही."

"मी बघत नव्हते," उल्रीके म्हणाली. "मला भीती वाटत होती."

"मलाही वाटते. अकरा तास काय मी विसरले?" बाईंनी फरशीकडे बोट दाखवलं. "रोज पाण्यात उतरताना वाटते. पण शरदछायाची भीती त्याहून जास्त वाटते. तिथे मी सुरक्षित असेन आणि रोज थोडी थोडी मरेन. पाण्यात बुडाले तर निदान एकदाच."

"असं बोलू नकोस ना!"

"बरं, नाही बोलत. थंडी पडली की बंद करीन. ऑक्टोबर ते एप्रिल मी तुझी. तेव्हा लाव हवं तर सासूला. पण उन्हाळा माझा."

उल्रीकेने नाक पुसलं. नकार द्यावा असं तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं, आणि आईचे ओले केस, लाल झालेले गाल तिला दिसत होते. गेल्या नोव्हेंबरानंतर तिने आईला अशी तरतरीत पाहिली नव्हती. ती टेबलाशी बसली. "आणि एक दिवस तू परत आलीच नाहीस तर? मला कळणार कसं? कोण सांगणार?"

बाईंनी हनुवटीने टिट्झेंकडे दाखवलं. "हे सांगतील."

"हे?"

"आठ वर्षांत एक दिवस चुकले नाहीत. न्यूमोनिया झाला तेव्हा बायकोला बसवलं होतं भिंतीशी."

"ब्राँकायटिस," टिट्झे पुटपुटले.

उल्रीकेने एकदा आईकडे पाहिलं, एकदा फुलाफुलांच्या एप्रनमधल्या त्या म्हाताऱ्याकडे. मग रात्रीच्या गाडीचा शीण, रडू आणि हसू सगळं एकदम तिच्या तोंडावर आलं. "ठीक आहे," ती म्हणाली. "शरदछायाला मी नाही म्हणून कळवते. पण टिट्झेसाहेब, मला शब्द हवाय. सकाळी नऊपर्यंत आई घरी आली नाही, तर तुम्ही मला लगेच कळवाल?"

टिट्झेंचा हात सवयीने कानावरच्या पेन्सिलीकडे गेला, तोंडही उघडलं. तिथेच ते थांबले. त्यांनी हात खाली घेतला, उल्रीकेला उत्तर दिलंच नाही आणि हेन्शेलबाईंकडे वळले.

"कळवू का?" त्यांनी विचारलं.

बाई त्यांच्याकडे बघत राहिल्या. ऐक-बघ खात्याने त्यांना कधी असं विचारलं नव्हतं, डबीच्या कंपनीने नाही, पोटच्या पोरीनेही नाही. दोनशे चौदा पानं लिहिली गेली, एकोणीस दिवसांच्या सेकंदासेकंदाची मोजदाद झाली, आणि अठ्ठ्याहत्तर वर्षांत कुणीतरी पहिल्यांदाच विचारत होतं. त्यांनी टिट्झेंना मुद्दाम थोडा वेळ तसंच उभं ठेवलं.

"कळवा," त्या म्हणाल्या. "पण नऊला नाही. सव्वानऊला. कपडे घालायला वेळ लागतो मला."